बायपासनंतर वडिलांची किडनी बिघडेल का, हे आधी कळतं का? (क्रिएटिनिन, म्हणजे किडनीच्या कामाची रक्तचाचणी, १.६; इन्सुलिन चालू, पुणे)

नक्की नाही, पण अंदाज बांधता येतो. पुण्यात हृदयशस्त्रक्रियेच्या आयसीयूत काम करतो, तिथे क्लीव्हलँड क्लिनिक स्कोअर वापरतात: एकूण १७ गुण, जितके जास्त तितका डायलिसिसचा धोका जास्त. क्रिएटिनिन १.२ ते २.१ च्या आत असल्याचे २, इन्सुलिनचा १, म्हणजे वडिलांचे ३. डायलिसिस लागण्याची शक्यता साधारण २ टक्के. हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांखाली, सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुना आजार), तातडीचं ऑपरेशन किंवा सोबत व्हॉल्व्हचंही ऑपरेशन असेल तर गुण वाढतात. मात्र हा स्कोअर फक्त डायलिसिसचा, क्रिएटिनिन ०.३ ने चढणं, म्हणजे किडनीला इजा होणं, बरंच जास्त दिसतं. ते आम्ही तासातासाला लघवीच्या पिशवीवरून ताडतो. अँजिओग्राफी नुकतीच झालीय का, हे सर्जनना जरूर सांगा; तिच्यातल्या डायचा किडनीवर ताण येऊ शकतो. आणि गुडघेदुखीची गोळी (घरोघरी असतेच!) हीही किडनीला त्रासदायक ठरू शकते, ती डॉक्टरांना विचारून बंद करा.