बायोएफ लिहिण्याआधी शेजार बघा

नव्या जीवाणूच्या जीनोममधला तुमचा जीन ई. कोलायच्या बायोएफशी (बायोटिन हे व्हिटॅमिन बनवण्यातला एक जीन) ३६ टक्के जुळतो, आपोआप अ‍ॅनोटेशन करणारं, म्हणजे जीनला नाव-काम चिकटवणारं टूल नुसतं 'अमिनोट्रान्सफरेज क्लास १/२' म्हणतं, आणि तुम्ही विचारताय की नाव म्हणून सरळ बायोएफ लिहून टाकू का. नका लिहू. मी लिहिला होता.

ब्लास्ट (डेटाबेसमध्ये जुळणारे क्रम शोधणं) वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही. घोळ असा की बायोएफ आणि केबीएल ही सख्खी भावंडं आहेत. दोन्हींची एन्झाइमं पीएलपीवर (व्हिटॅमिन बी-६ पासून बनलेला मदतनीस रेणू) चालतात, दोन्हींत पीएलपी धरणारं लायसिन जागच्या जागी असतं. पण बायोएफ अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल घेऊन बायोटिनच्या वाटेला लागतो आणि केबीएल थ्रिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल मोडण्याच्या कामातला. माझ्या जीनला लागूनच टीडीएच, म्हणजे थ्रिओनिन डिहायड्रोजनेज, केबीएलच्या आधीची पायरी करणारा, बसला होता. मी तिकडे बघितलंच नाही. पहिल्या हिटवर 'बायोएफ' होतं, तेही कुणीतरी असंच उचललेलं.

वर मी प्रयोगानेही 'सिद्ध' केलं! बायोएफ काढलेल्या ई. कोलायमध्ये जीन घातला, बायोटिन नसलेल्या प्लेटवर वाढ दिसली. रिकाम्या प्लास्मिडच्या (जीन वाहून नेणारं डीएनएचं कडं, पण जीन न घातलेलं) प्लेटवरही बारीक धुरकट थर होता, तो मी 'पार्श्वभूमी' म्हणून सोडून दिला. इथेच माती खाल्ली. बायोटिन नॅनोमोलरमध्येही पुरतं. माझे कॅसअमिनो आम्ल (माध्यमात घालायचं अमिनो आम्लांचं मिश्रण) व्हिटॅमिनमुक्त नव्हते, आणि पेशी एकदाच धुतल्या होत्या. निदान तीनदा धुवा. अगारमध्येही थोडं बायोटिन असतं, म्हणून प्लेटमध्ये अ‍ॅव्हिडिन (बायोटिनला घट्ट पकडून ठेवणारं प्रोटीन) घाला. आणि रिकाम्या प्लास्मिडवर काहीही उगवलं तर निकाल कचऱ्यात.

चूक कळली तेव्हा खरा त्रास सुरू झाला. नोंद दुरुस्त करायला, जिथे जीनोम जमा केला होता त्या डेटाबेसच्या मदत कक्षाला लिहिलं, तर उत्तर आलं की मूळ सबमिशन करणाऱ्याच्याच पत्त्यावरून विनंती हवी. तो पत्ता आमच्या जुन्या गाईडचा, आणि त्यांनी संस्था सोडल्याने तो बंद. पुरावे जोडले, आकृत्या जोडल्या, दरवेळी तेच साचेबंद उत्तर. तोवर माझं चुकीचं नाव आणखी जीनोममध्ये पोचलं होतं. सबमिशन करताना संपर्कात दोन माणसं टाका, एवढं तरी ऐका.

तुमच्यासाठी: तुमच्या जीनचा प्रोटीन प्रयोगाने सिद्ध झालेल्या बायोएफ आणि केबीएल, दोन्हींशी ताडा, आणि वंशवृक्ष काढून तो कोणत्या फांदीवर बसतो ते बघा. शेजारी बायोबी, बायोडी, बायोए हे बायोटिनचेच बाकी जीन असतील तर बायोएफकडे झुकायला हरकत नाही. शेजार नसला म्हणून बायोएफ नाहीच असंही नाही. कित्येक जीवाणूंत हे जीन विखुरलेले असतात. बायोटिनच्याच वाटेवरचा बायोएच सापडला नाही तर घाबरू नका, त्याचं काम बायोजी, बायोके असे दुसरे जीन करू शकतात.

मी या एकाच कुटुंबात भाजलोय, तेव्हा माझं मत जरा कडवट धरा. पण निर्णय होईपर्यंत 'अल्फा-ऑक्सोअमाइन सिंथेज कुटुंबातील प्रोटीन' (बायोएफ आणि केबीएल दोन्ही ज्यात येतात ते कुटुंब) एवढंच लिहा. रिव्ह्यूअर कुरकुर करेल, करू दे. आणि हो, सुरुवातीचा कोडॉन (प्रोटीन जिथून सुरू होतं तो तीन अक्षरी संकेत) नेहमीच्या एटीजीऐवजी जीटीजी आहे का ते बघून घ्या. माझ्या नोंदीत प्रोटीनचा सुरुवातीचा तुकडाच गायब होता.