रेजेक्स लावूनही चुकीचा यूजर आयडी पास का होतोय?
तुमचा रेजेक्स, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात आहे का ते तपासणारा पॅटर्न, बरोबरच आहे हो, २ कॅपिटल अक्षरं आणि पुढे ६ अंक, पण पायथनचं मॅच फंक्शन फक्त सुरुवातीपासून जुळतंय का एवढंच बघतं, ६ अंक सापडले की त्याचं काम संपलं, मागे अजून २ अंक किंवा काहीही कचरा असला तरी त्याला घेणं नाही. म्हणून ६ ऐवजी ८ अंक असलेला आयडीही आरामात आत येतोय. मॅचच्या जागी फुलमॅच वापरा, पायथन ३.४ पासून आहे ते.

पॅटर्नच्या शेवटी डॉलर ($, म्हणजे 'मजकूर इथे संपला') लावा असं बरेच जण सांगतील, चालतं, पण पायथनमध्ये डॉलर शेवटच्या न्यूलाइनच्या (नवी ओळ सुरू करणाऱ्या, न दिसणाऱ्या चिन्हाच्या) आधीही जुळतो, म्हणजे आयडीमागे एक न्यूलाइन चिकटलेली असेल तर तोही पास. मी स्वतः यात अर्धा दिवस घालवलाय, स्क्रीनवर काही दिसतच नाही ना!

अजून एक, अंकांसाठी बॅकस्लॅश डी लिहिलंय ते काढा आणि चौकटी कंसात शून्य ते नऊ अशी रेंज द्या. पायथन ३ मध्ये साध्या स्ट्रिंगवर बॅकस्लॅश डी देवनागरी १२३ पण अंक म्हणूनच धरतो (जावास्क्रिप्टमध्ये हा प्रॉब्लेम नाही).

आणि हे चेकिंग ब्राउझरमध्ये केलं असलं तरी सर्व्हरवर परत कराच. बाकी आयडी खरंच अस्तित्वात आहे की नाही ते रेजेक्सला कळणार नाही, त्यासाठी डेटाबेसच बघावा लागेल.