साखरपुडा झाला आणि रजा रद्द झाली

प्रश्न : ताई, मी पारोळा तालुक्यातील एका खेड्यात राहते. वय २३, बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. ज्यांच्याशी माझे लग्न ठरले आहे ते सैन्यात आहेत. सहा वर्षांपूर्वी ते आणि माझा मोठा भाऊ भरतीसाठी रोज पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर धावत असत, आणि सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत होतात की नाही हे मोजायला भाऊ मला घड्याळ देऊन उभी करीत असे. भावाची निवड झाली नाही, त्यांची झाली. दोन वर्षांपूर्वी आम्ही घरी सांगितले. यंदा (२०२५) आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ३० एप्रिलला साखरपुडा झाला. मेच्या तिसऱ्या आठवड्यातली तिथी धरली, बस्ता झाला, पत्रिका छापून आल्या. ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर सुरू झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना परत बोलावले. जळगाव स्टेशनवर त्यांच्या आईंनी त्यांच्या हातावर दही ठेवले. मी मागे उभी होते, कारण लग्न न झालेल्या मुलीने पुढे यावे की नाही, हे कोणालाच सुचले नाही.

१० मे रोजी गोळीबार थांबला, पण ते अजून सीमेवरच आहेत. आठ-आठ दिवस फोन लागत नाही. लागला की मी भांडते आणि ठेवल्यावर रडते. श्रावणात पंधरा दिवसांची रजा मिळेल असे ते म्हणतात. त्यांच्या आईंचे म्हणणे असे की चातुर्मास असला तरी त्याच रजेत देवळात लग्न लावून टाकू. आप्पा म्हणतात, सीमा शांत होईपर्यंत थांबू. मामा तर दुसरे स्थळ पाहू लागले आहेत. मला लग्न त्यांच्याशीच करायचे आहे. पण उद्या काही झाले तर मी त्यांची कोणीच नसेन, या भीतीने तर मी देवळातल्या लग्नाला ‘हो’ म्हणत नाही ना, असे सारखे मनात येते. मी काय करू?
— एक वाचक

उत्तर : तुझे पत्र मी तीनदा वाचले, आणि तिन्ही वेळा जळगाव स्टेशनवरच्या त्या वाक्यापाशी थांबले. तू मागे उभी होतीस, आणि तेव्हापासून मनाने तिथेच उभी आहेस. म्हणून माझे मत आधीच सांगते : श्रावणातल्या त्या पंधरा दिवसांत लग्न लावू नका, आणि हे लग्न मोडूही नका. तुळशीच्या लग्नानंतरची तिथी धरा, आणि ती धरताना तुम्ही दोघे समोरासमोर बसलेले असा.

असे का म्हणते, त्यासाठी माझ्या थोरल्या मावशीची हकिकत सांगावी लागेल. तिचे सासर धुळ्याजवळचे. नोव्हेंबर १९७१ मध्ये तिच्या होणाऱ्या नवऱ्याला रजा रद्द झाल्याची तार आली, आणि ‘मुलगा लढाईवर चालला आहे, हळद तरी लागू द्या’ म्हणून तिसऱ्या दिवशी लग्न उरकले. पाचव्या दिवशी तो गाडीत बसला. ३ डिसेंबरला पश्चिमेकडच्या आपल्या विमानतळांवर हल्ले झाले, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. युद्ध अवघे चौदा दिवसांचे. पण सिमला करार जुलै १९७२ मध्ये झाला, सीमेवरच्या फौजा मागे येईपर्यंत त्या वर्षाचा डिसेंबर उजाडला, आणि मावशीचा नवरा लग्नानंतर तेरा महिन्यांनी घरी आला. त्या तेरा महिन्यांत पोस्टमन गल्लीत शिरला की सासू आधी मावशीच्या तोंडाकडे पाही, आणि ‘हिच्या पायगुणाने लढाई लागली’ असे शेजारपाजारच्या बायका तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलत. नवरा ओट्यावर चढला तेव्हा तो आपला नवरा की धाकटा दीर, हे तिला क्षणभर कळले नाही. पुढे त्यांचा संसार चांगला झाला. त्याला मात्र बरीच वर्षे लागली, आणि ती वर्षे तिने एकटीने सोसली. उतारवयात ती मला म्हणाली होती, “लढाईनी काय नही बिघाडं व माय, घाईनी बिघाडं.”

तुझी गोष्ट तिच्यापेक्षा वेगळी आहे हे मला ठाऊक आहे. घड्याळ हातात धरून तू त्या मुलाला धापा टाकताना, हरताना आणि पुन्हा धावताना पाहिले आहेस; मावशीने आपल्या नवऱ्याला अंतरपाटापलीकडे पहिल्यांदा पाहिले होते. पण युद्धाची सावली युद्धापेक्षा लांब असते, ही गोष्ट दोघींनाही सारखीच लागू आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाल्यावर फौजा सीमेवर गेल्या, त्या ऑक्टोबर २००२ पर्यंत तिथेच होत्या, आणि युद्ध तर झालेच नाही. त्या दहा महिन्यांत कित्येक घरांतल्या लग्नाच्या तिथी टळल्या. तेव्हा सीमा शांत होईपर्यंत थांबायचे, ही तुझ्या आप्पांची अट काळजीपोटी असली तरी तिला अंत नाही. सैनिकाच्या घरात सीमेकडे पाहून तिथी धरता येत नाही, रजेकडे पाहूनच धरावी लागते. एरवी जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. लग्न वार्षिक रजेत बसवा, म्हणजे हळद उतरल्यावर चार आठवडे तरी एका घरात राहता येईल. आणि रजा मंजूर झाली तरी ती पुन्हा रद्द होऊ शकते हे धरून मंडप, आचारी, वाजंत्री यांच्याशी तारीख पुढेमागे करण्याचे आधीच बोलून ठेवा.

आता तुझी खरी भीती. ‘मी त्यांची कोणीच नसेन’ हे तू लिहिलेस ते कागदापुरते खरे आहे, आणि मी ते नाकारणार नाही. सैन्याच्या दप्तरात वाग्दत्त वधूला जागा नाही. लग्न झाल्यावर जवान युनिटला कळवतो, ‘पार्ट टू ऑर्डर’ हा युनिटचा लेखी आदेश निघतो, आणि तेव्हा कुठे पत्नीचे नाव त्याच्या नोंदीत चढते. देवळातल्या लग्नाचीही ग्रामपंचायतीत नोंदणी करून दाखला घ्यावा लागतोच. म्हणजे ज्या कागदासाठी तू घाई करू पाहतेस, तो त्या पंधरा दिवसांत पुरा होईलच असे नाही. पण तुला कागदापेक्षाही जास्त हवे आहे ते असे की काही बरेवाईट कळले तर ते तुला कोणीतरी येऊन सांगावे, ते तुला गावातून ऐकू येऊ नये. यासाठी लग्नाची गरज नाही; त्यांच्या आईंशी एकदा मोकळेपणाने बोलण्याची आहे. त्यांना स्पष्ट सांग की निरोप काहीही असो, तो त्या घरात येताच मला बोलवा. ज्या बाईने त्या दिवशी मुलाच्या हातावर दही ठेवले, तिच्याइतके हे कोणाला कळणार? देवळातल्या लग्नाचा त्यांचा आग्रहही मला भीतीतूनच आलेला दिसतो. तुम्ही दोघी एकाच गोष्टीला भिता आहात आणि एकमेकींशी त्याबद्दल बोलत नाही आहात.

ओघात एक सांगते. नॉमिनी म्हणून आज बहुधा त्यांच्या आईंचेच नाव असेल. लग्नानंतर त्यात काय बदलायचे, हे त्यांनी आईंच्या देखत, तू तिथे असताना बोलावे. या एका कागदावरून सासू आणि सून कायमच्या तुटलेल्या मी पाहिल्या आहेत. मामांच्या स्थळांबद्दल मी लिहीत नाही. तुझा निर्णय झालेला आहे. बी.एड. मात्र कोणत्याही कारणाने सोडू नकोस.

राहिले फोनवरचे भांडण. पुढच्या चौकीवर असलेल्या माणसाला फोन जवळ ठेवता येईलच असे नसते, आणि कुठे आहोत हे तर त्याला सांगताच येत नाही. तू ‘कुठे आहात’ हे विचारणे आजपासून बंद कर, आणि गणवेशातला त्यांचा फोटो स्टेटसला ठेवत असशील तर काढून टाक. सैन्याच्या हालचालींचे थेट प्रक्षेपण करू नका, अशी सूचना एप्रिलमध्ये सरकारने वाहिन्यांना दिली होती. आपल्या मोबाइललाही तोच नियम लावायला हवा. मे महिन्यात लढाई चालू असताना रात्री वाहिन्यांवर ओरडून सांगितलेल्या कितीतरी बातम्या सकाळी खोट्या निघाल्या. पुन्हा तशी वेळ आली तर टीव्ही बंद करून त्यांच्या आईंकडे जाऊन बस.

आणि त्यांना पत्र लिही. फोनवर मिळालेली तीन मिनिटे तू भांडणात घालवतेस, कारण आठ दिवसांचे साचलेले तीन मिनिटांत मावत नाही. कागदावर ते मावेल, आणि पहाऱ्यावरून परतलेल्या माणसाला ते पुन्हा पुन्हा वाचता येईल. तू मला जे लिहिलेस ते त्यांना लिहिलेले नाहीस असे मला वाटते. स्टेशनवर मागे उभी राहिल्याचे तर नक्कीच नाही. ते आधी लिही. पाकिटावर त्यांचा क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि ५६ किंवा ९९ यांपैकी त्यांनी दिलेला एपीओ (सैन्याचे टपाल कार्यालय) क्रमांक घाल. गावाचे नाव घालू नकोस. पत्र त्याशिवाय पोचते.