पेटीचा गंधार चढा का लागतो?

ताई, नमस्कार.

मुलगी अकरावी सायन्सला, गणित घेऊन. आठ वर्षं गाणं शिकतेय, फिजिक्समध्ये तिमाहीला काठावर पास. यजमान म्हणतात, बारावी होईपर्यंत तानपुरा गवसणीत राहू द्या. ती म्हणते, फिजिक्स सोडते, आर्ट्सला जाते. दोघांपैकी कुणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. पण पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत : "हल्ली पेटीवर रियाजाला बसवलं की कुरकुरते, म्हणते पेटीचा गंधार चढा आहे." मी अडकलो तो तिथे.

कारण पोरीचं बरोबर आहे. तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाची तार, छेडला की तार अख्खी तर थरथरतेच, त्याच वेळी निम्म्यात, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या हिश्शातही थरथरते. आकडा सोपा धरू : खर्ज 120 हर्ट्झचा. त्यातून 240, 360, 480, 600 हे उपस्वरही निघतात. 240 आणि 480 षड्ज, 360 पंचम, आणि 600 म्हणजे तार गंधार. जवारी (घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा) नीट लागली असेल तर कुणी न गाता ऐकू येतो तो स्वयंभू गंधार हाच. पेटीत मात्र बहुधा सप्तकाचे बारा सारखे टप्पे पाडलेले असतात, प्रत्येक सूर आधीच्याच्या सुमारे 1.0595 पट. त्या हिशोबाने तोच गंधार जवळपास 605 वर जाऊन बसतो. दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला पाचेक वेळा फुगतो आणि ओसरतो. अकरावीच्या पुस्तकात तरंगांच्या धड्यात यालाच बीट्स म्हणतात, विस्पंद. वहीत जे तिला जड जातं ते कानाने ती रोज सोडवतेय. (उतरणीवरून घसरणारे ठोकळे मलाही कधी आवडले नाहीत, तेव्हा मार्कांचं फार मनावर घेऊ नका.)

म्हणून माझं मत : फिजिक्स सोडू नये आणि तानपुराही बंद करू नये. गाण्याची पदवी सायन्सनंतरही करता येते, आपल्या ग्वाल्हेरातच राजा मानसिंह तोमर विद्यापीठ आहे. उलट वाट मात्र अवघड. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेतल्या ऑडिओलॉजीच्या पदवीला बारावी सायन्स लागतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये साउंड रेकॉर्डिंगचा कोर्स आहे, पण पदवीनंतर. प्रवेशाचे नियम बदलत असतात, त्या वर्षीचे बघून घ्या. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात तर भौतिकशास्त्र आणि संगीत यांचं केंद्रच आहे, सी. व्ही. रामन यांच्या नावाचं. नाव उगीच नाही दिलेलं. नुसतं ताणलेलं कातडं बेसूर उपस्वर देतं, तबल्याच्या मधल्या शाईच्या (काळ्या गोल लेपाच्या) वजनाने तेच सुरात येतात, हे रामन यांनी 1920 मध्ये मांडलं होतं. तबला शिकणाऱ्या मुलांना मी हे हटकून सांगतो.

यजमानांची काळजी खोटी नाही, मार्क लागतातच. पण तानसेनाची समाधी ज्या गावात, तिथे तानपुरा दोन वर्षं गवसणीत?

येत्या रविवारी एक करा. तानपुऱ्याचा खर्ज पेटीच्या षड्जाशी नीट जुळवून घ्यायला सांगा. मग खर्ज छेडायचा आणि पेटीवर तार गंधार हलकेच धरायचा. लाटा ऐकू आल्या की सेकंदाला किती, ते तिने मोजायचं. घड्याळ यजमानांच्या हातात द्या, आणि आकडा मला कळवा.