अ‍ॅसिडिटीसाठी कपालभाती रोज किती करावी?

जेवणानंतर छातीत जळजळतं, आंबट ढेकर येतात, तर कपालभातीचे स्ट्रोक किती मारावेत, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: शून्य.

मी फोंड्याकडचा. पंचवीस वर्षं भजनी मंडळात गातोय. तीन वर्षांपूर्वी आवाज बसायला लागला. सकाळी घसा खरखरीत, तोंड कडू. आमचे भावोजी तेव्हा नुकतेच योगवर्गाला जायला लागले होते. अ‍ॅसिडिटीचं निदान त्यांनीच केलं, उपायही त्यांचाच: रोज तीनशे कपालभाती आणि दुपारी वाटीभर सोलकढी. ताईचा नवरा, नाही म्हणायची सोय नाही. महिनाभर इमानेइतबारे केलं. जळजळ दुप्पट! वास्कोच्या सप्ताहात आमच्या मंडळाची पाळी आली तेव्हा साधा सा लागेना. मी झांजा वाजवत बसलो. भावोजी म्हणाले, "तू रिकाम्या पोटी करत नसशील." करत होतो.

शेवटी पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "गाताना पोटानं श्वास घेता, मग एरवी छातीनं का?" अन्ननलिका जठराला मिळते तिथल्या झडपेला बाहेरून श्वासपटलाचा, म्हणजे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याचा, स्नायू आवळून धरतो. पोटानं संथ श्वास घेतला की त्या स्नायूला व्यायाम होतो. कपालभातीत पोटाला झटके बसतात, आतला दाब वाढतो, आम्ल वर चढू शकतं. ऑस्ट्रियातल्या डॉक्टरांनी 2012 साली यावर चाचणी छापली. चार आठवडे पोटानं श्वास घ्यायचा सराव केलेल्यांच्या अन्ननलिकेत आम्ल कमी येऊ लागलं. रुग्ण मोजकेच होते, पण भावोजींच्या वर्गात तेवढंही कोणी मोजलं नव्हतं.

करायचं एवढंच: एक हात छातीवर, एक पोटावर. पोटावरचा हात वर आला पाहिजे, छातीवरचा हलता कामा नये. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. दहा मिनिटं, दोन वेळा. जेवल्यावर करायचं तर बसून, आडवं पडून नको. मला पाचव्या आठवड्यात फरक कळला.

तुमच्या मिसेसच्या आयबीएसलाही (वारंवार पोट दुखून शौचाची तक्रार होण्याचा त्रास) हाच संथ श्वास चालेल, ताणामुळे पोट बिघडत असेल तर जास्तच.

गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल तर श्वासबिस सोडा आणि आधी एंडोस्कोपी करून घ्या. चालू गोळ्याही मनानं बंद करू नका. मीसुद्धा सुरुवातीला दोन महिने घेतल्या. भजनानंतर रात्री बाराला उसळ-पाव खाणंही सोडलं, ते सांगायचं राहिलं. त्यामुळे गुण नक्की कशाचा, असं भावोजी दर चवथीला, गणपतीवर फळापानांची माटोळी टांगतो तिच्याखाली, सगळ्यांसमोर विचारतात. कशाचा का असेना, कपालभातीचा नव्हता. सोलकढीचाही नव्हता, आंबटानं माझी जळजळ वाढते हे ताईलासुद्धा माहीत आहे.