वर्गात झोपणारा पोऱ्या

"ताई, मना पोऱ्या हुशार शे, पन वर्गमा झोपी जास." अमळनेरकडच्या एका खेड्यातून आलेल्या आईने खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं. मुलगा चौथीत. तिच्या पिशवीत 'मेंदूच्या व्यायामा'च्या क्लासचं पत्रक, फी सहा हजार, वर बुद्धी वाढवणाऱ्या पावडरचा डबा. "लावू का?" हा प्रश्न घेऊन पालक सारखे येतात, म्हणून ओळख पटणार नाही अशा बेताने तिची हकीकत लिहिते आहे.

मी म्हटलं, आधी आठवडाभर वहीत लिहा: पोरगा काय खातो, कधी खेळतो, कधी झोपतो. वही आली. कापूस वेचणीचे दिवस, ती सातलाच शेतात. पोराचा नाश्ता म्हणजे चहा आणि दोन टोस्ट. वाटेत पाच रुपयांचं चटपटीत पाकीट, मग शाळेतली खिचडी निम्मी तशीच. संध्याकाळी शिकवणी, मग मोबाइल, झोप अकराला. 'खेळ' या रकान्यात सात दिवसांत एकच नोंद, रविवारची. जागतिक आरोग्य संघटना या वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली दमछाक होईल अशी हालचाल सांगते.

पोराच्या पापण्या आतून फिकट दिसल्या, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ९.४. या वयात ११.५ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. अशा पोराला तिसऱ्या तासाला डुलकी लागली तर तो आळशी कसा? लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध डॉक्टरांनी दिलं. ते मनाने कधी देऊ नये.

घरात फार काही बदलावं लागलं नाही. सकाळी कळण्याची भाकरी आणि मेथीची भाजी, वर लिंबू पिळून. लिंबामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं, चहामुळे अडतं. म्हणून चहा बंद. दप्तरात शेंगदाणा-गुळाचा लाडू. शिकवणी एक तासावर आणली आणि तिच्या आधी गल्लीत लंगडी, विटीदांडू. गुरुजींनीही मनावर घेतलं, दर तासाला दोन मिनिटं वर्ग उभा करून उड्या मारायला लावू लागले.

क्लासबद्दल मी तिला स्पष्ट सांगितलं. हातापायांच्या ठरावीक हालचालींनी वाचन सुधारतं असं हे क्लास सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. धावण्या-खेळण्याने मुलं ताजीतवानी होतात, पुढच्या तासाला लक्ष बरं लागतं. त्यासाठी सहा हजार कशाला?

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६. वर्गातली झोप गेली, गणितं पटापट होऊ लागली. पण माझ्यासमोर त्याने 'बदक' शब्द 'बकद' वाचला, पुढच्या ओळीत पुन्हा तसाच. आईचा चेहरा पडला. "आता तं सारं खास ना!"

खातो, आणि म्हणूनच हे आता दिसलं. आधी सगळं थकव्याच्या नावावर खपत होतं. ही अक्षरांची अडचण भाकरीने किंवा लंगडीने जाणार नाही. अध्ययन अक्षमता, म्हणजे हुशार असूनही वाचणं-लिहिणं अवघड जाणं, आहे का ते तपासून त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे परीक्षेत सवलतीही मिळू शकतात.

तपासणी पुढच्या महिन्यात आहे. तोवर तो खेळून आला की ओट्यावर बसून आजीला एक पान वाचून दाखवतो, शब्दाखाली बोट ठेवून. आजीला अक्षरओळख नाही. ती फक्त म्हणते, "मंग? पुढे काय व्हयनं?"