'बिनविरोध' म्हणजे 'एकमताने' का?

प्रश्न असा आहे: गावातल्या फ्लेक्सवर 'ग्रामपंचायत सदस्यपदी एकमताने निवड' असं छापलंय, बातमीत मात्र 'बिनविरोध'. दोन्ही एकच ना? आणि 'बिनविरोध' शुद्ध आहे का?

शुद्धतेचं आधी उरकतो. शाळेच्या व्याकरणात 'बिन' फारसी उपसर्गांच्या यादीत दिसतो. मला तो 'विना'च्याच घरातला वाटतो: बिनचूक, बिनबोभाट, बिनतक्रार. (जुन्या कागदपत्रांत दोन नावांच्या मधे येणारा 'बिन' वेगळा. तो अरबी, अर्थ 'मुलगा'.) तेव्हा शब्द बिनदिक्कत वापरा.

'एकमताने' मात्र इथे चुकलंच. एकमत व्हायला मत पडावं लागतं. इथे माघारीची मुदत संपली, जागेइतकेच अर्ज उरले, की निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवाराला निवडून आल्याचं जाहीर करतो. मतदानच नाही, मग 'नोटा'चं बटणही नाही.

आता 'बिनविरोध' तरी खरं सांगतो का? गावाकडची क्रियापदं ऐका. निवडणूक बिनविरोध 'होते' असं क्वचितच कोणी म्हणतं. ती बिनविरोध 'काढली' म्हणतात. काढणारा कोणीतरी असतो. कुठे भावकीतली जुनी जाणती माणसं पारावर बसून अर्ज मागे घ्यायला लावतात, कुठे यंदा तुम्ही, पुढच्या खेपेला आम्ही असं ठरतं. कुठे वॉर्ड राखीव, आणि जातीचा दाखला एकाच घराकडे. हिवरे बाजारात तीसेक वर्षं बिनविरोधचाच रिवाज होता, जानेवारी २०२१ मध्ये तिथेही मतदान झालं. त्याच निवडणुकीत नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी इथे पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूकच रद्द केली. म्हणजे विरोध नव्हता असं नाही, तो अर्जापर्यंत पोचला नाही किंवा पोचून परत आला.

शेजारी काय म्हणतात तेही बघण्यासारखं आहे. हिंदीत 'निर्विरोध', कन्नडमध्ये 'अविरोध', म्हणजे आपल्यासारखंच. गुजराती माणूस मात्र 'बिनहरीफ' म्हणतो: प्रतिस्पर्धी नाही, एवढंच. लोकांच्या मनात काय होतं याबद्दल तो शब्द काही बोलत नाही, म्हणून मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. आपल्याकडे आता तो रुजायचा नाही.

फ्लेक्स पुन्हा छापणार असाल तर 'बिनविरोध निवड' ठेवा. आणि खाली 'मतदारांचे जाहीर आभार' अशी ओळ असेल, तर तीही काढा.